स्ट्रोल, सॉन्टर, अ‍ॅम्बल, रॅम्बल : सगळ्यांचा अर्थ 'रमतगमत चालणे' कसा?

शब्दवेल्हाळ

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. इंग्रजी-मराठी कोशात स्ट्रोल काढा, 'रमतगमत फिरणे' मिळतं. सॉन्टर काढा, तेच. अ‍ॅम्बलपाशी फार तर 'संथपणे' एवढी भर. रॅम्बलला 'भटकणे', वाँडरला 'भटकणे', रोमलाही 'भटकणे'. मुलं मग यातला कुठलाही शब्द कुठेही घालतात. वाक्य व्याकरणात बसतं, पण इंग्रजीत मुरलेल्या वाचकाला ते लगेच खटकतं.

हे शब्द शिकवताना आपण वेगावर फार भर देतो, असं माझं मत आहे. हा हळू, तो त्याहून हळू. त्याने काही हाती लागत नाही. कोण चालतंय, कुठे चालतंय, कशासाठी चालतंय आणि बघणाऱ्याला ते कसं वाटतंय, हे विचारलं की शब्द आपोआप सुटे होतात.

माझी मांडणी अशी. स्ट्रोल सगळ्यांत निरुपद्रवी. जेवण झालंय, हवा बरी आहे, चला एक चक्कर मारून येऊ. अंतर थोडं, वाट बहुधा सपाट आणि ओळखीची, सोबत कोणी असलं तर गप्पा. 'गो फॉर अ स्ट्रोल' हे 'फेरफटका मारणे'च्या अगदी जवळ आहे.

सॉन्टरमध्ये चालणाऱ्याचा आव येतो. त्याला घाई नसते आणि ती नाही हे दिसतही असतं. तास सुरू होऊन अर्धा वेळ गेलाय आणि एक मुलगा दारातून येतो : 'ही सॉन्टर्ड इन'. इथे 'स्ट्रोल्ड इन' चुकीचं नाही, पण सॉन्टर्ड म्हटलं की खिशात हात, मान जराशी मागे, सगळं डोळ्यांपुढे येतं. सांगणाऱ्याला ते रुचलेलं नाही हेही कळतं.

अ‍ॅम्बलमध्ये आव नसतो, अंगाची लय असते. आजोबा अ‍ॅम्बल करतात, गाय करते, अस्वल करतं. अस्वल सॉन्टर करायला लागलं तर ते बालगोष्टीतलं अस्वल झालं.

रॅम्बल, वाँडर, रोम यांच्याबद्दल मात्र तुमच्याकडून ऐकायचं आहे. इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्यांनी जरूर लिहा, कारण तिथे हे शब्द रोज कानावर पडतात.

मँचेस्टरकर

धागा आवडला. रॅम्बलवर मला पोटतिडकीने लिहायचं आहे, कारण कोशातला 'भटकणे' हा अर्थ इकडच्या वापरापासून फार दूर आहे.

ब्रिटनमध्ये 'मी रविवारी रॅम्बलला जातो' म्हणणारा माणूस मजबूत बूट घालतो, पाठीला पिशवी अडकवतो, नकाशा घेतो आणि पंधरा-वीस किलोमीटर शेता-कुरणांतून, टेकड्यांवरून चालतो. दुपारी एखाद्या गावातल्या पबमध्ये जेवतो. त्यात हळूपणा असेलच असं नाही. मात्र ते शहराबाहेर, पायवाटेवर आणि आनंदासाठी असलं पाहिजे. शहरातल्या रस्त्यावर कोणी रॅम्बल करत नाही.

याच्यामागे पायवाटांचा कायदा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरच्या वाटा अशा आहेत, की जमीन खाजगी असली तरी त्या वाटेवरून जाण्याचा हक्क सगळ्यांना आहे. कुंपण आलं की ते ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात. पण वाट सोडून माळावर पाऊल टाकायचा हक्क पूर्वी नव्हता. मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधला डोंगराळ माळ जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेला होता. गिरण्या-कारखान्यांत आठवडाभर धूर खाणाऱ्या कामगारांना रविवारी त्यावर जायची बंदी.

२४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण कामगार हेफील्ड गावातून निघाले आणि किंडर स्काउट या पठारावर बंदी मोडून चढले. पुढाऱ्यांपैकी बेनी रॉथमन विशीतला होता. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. शिक्षा ऐकून लोक आणखी चिडले. १९३५ साली रॅम्बलर्सची देशव्यापी संघटना झाली, १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि १९५१ साली पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं ते याच भागात, पीक डिस्ट्रिक्ट. मोकळ्या डोंगरमाळावर वाट सोडून फिरण्याचा हक्क मिळायला मात्र २००० सालचा कायदा यावा लागला.

त्या हक्काला सगळे 'राइट टू रोम' म्हणतात आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. रॅम्बल वाटेने होतो. रोमला वाट लागत नाही, त्याला मुलूख लागतो. म्हणून इंग्रजीत 'रोम द हिल्स' असं थेट कर्म घेऊन म्हणता येतं. 'रॅम्बल द हिल्स' कोणी म्हणत नाही, तिथे 'थ्रू' किंवा 'ओव्हर' घालावं लागतं. लांडगे रोम करतात, रानगायींचे कळप करतात. आपल्या मोबाइलचं रोमिंगही त्यातलंच : स्वतःच्या जाळ्याची हद्द सोडून बाहेर गेला.

टेकडीवरची

@मँचेस्टरकर, फार छान माहिती. मग रॅम्बलला आपली 'भटकंती' चालेल का? सह्याद्रीत फिरणारे हा शब्द किती प्रेमाने वापरतात!

मँचेस्टरकर

भाव तोच आहे. पण गडावरची चढाई असेल तर इथला माणूस त्याला हाइक किंवा हिलवॉकिंग म्हणेल, रॅम्बल म्हणणार नाही. हात लावून कातळ चढायचा असेल तर तो स्क्रॅम्बल. आणि आपण राजमाची एका दिवसात करून येतो त्याला 'ट्रेक' म्हणतो, ते इकडच्या कानाला मोठं वाटतं. ट्रेक हा शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांकडून आला. बैलगाड्या जुंपून कुटुंबकबिल्यासह केलेला लांबचा प्रवास, असा त्याचा मूळ वापर.

तापीकाठ

अ‍ॅम्बलबद्दल. हा मुळात माणसाच्या चालण्याचा शब्दच नाही, घोड्याच्या चालीचा आहे. लॅटिनमध्ये अँब्युलारे म्हणजे चालणे. तिथून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला तो घोड्याची एक विशिष्ट चाल म्हणून. दुडकीत घोड्याचे पाय दोन-दोनच्या जोडीने पडतात, मध्येच चारही पाय क्षणभर हवेत असतात आणि स्वार खोगिरावर आपटत राहतो. अ‍ॅम्बल या चालीत चारही पाय सुटे-सुटे पडतात, एक तरी पाय कायम जमिनीवर असतो. त्यामुळे पाठ हलत नाही. मध्ययुगीन युरोपात लांबच्या प्रवासाला असाच घोडा शोधायचे.

आमच्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तिथे जाणकार 'रेवाल चाल' बघतात. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांत ती उपजत असते. ती बघितली की अ‍ॅम्बलचा अर्थ डोक्यात पक्का बसतो. तो आळस नव्हे. सारखी, न धक्के देणारी, तासन्‌तास टिकेल अशी चाल. माझ्या मते स्ट्रोल करणारा दुकानाच्या काचेपाशी थांबतो, अ‍ॅम्बल करणारा आपल्या लयीत पुढे जात राहतो.

क्रिकेटचं इंग्रजी समालोचन ऐका. मध्यमगती गोलंदाज चार पावलं टाकत येतो तेव्हा 'अ‍ॅम्बल्स इन' म्हणतात. चेंडू सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाकडे गेलाय, धावबाद व्हायची भीती नाही, तेव्हा फलंदाज 'अ‍ॅम्बल थ्रू फॉर अ सिंगल'. तिथे सॉन्टर म्हटलं तर फलंदाज माज दाखवतोय असं होईल.

आपल्या 'रपेट'चं पण असंच झालंय. आधी घोड्यावरची, आता पायीसुद्धा.

हडसनकाठ

अमेरिकेतून थोडं. इथे स्ट्रोलर म्हटलं की आधी बाळाची ढकलगाडी डोळ्यांपुढे येते. ब्रिटनमध्ये तिला पुशचेअर किंवा बगी म्हणतात, आणि झोपून न्यायची ती प्रॅम. प्रॅम हे पेरँब्युलेटरचं लघुरूप, म्हणजे वर तापीकाठ यांनी सांगितलेल्या अँब्युलारेचंच कुळ. अँब्युलन्ससुद्धा त्याच घरातली : फ्रेंच सैन्याबरोबर 'चालणारं रुग्णालय'.

मोझी हा शब्द अस्सल अमेरिकन. 'लेट्स मोझी ओव्हर' म्हणजे चला, जाऊ सावकाश तिकडे. बोलण्यात गोड वाटतो, निबंधात नको. आणि मुलांना एक जरूर सांगा : 'टेक अ हाइक' हे फिरायला जायचं आमंत्रण नाही, 'चालता हो' असं आहे. न्यूझीलंडमध्ये डोंगर चढण्याला ट्रँपिंग म्हणतात, ऑस्ट्रेलियात बुशवॉकिंग. ट्रँप शब्द इथे ऐकला तर लोकांना रस्त्यावर राहणारा माणूस आठवेल.

अनाम_वाचक

सॉन्टरची एक सुंदर व्युत्पत्ती वाचली होती. मध्ययुगात लोक 'पवित्र भूमीला, सँत तेरला निघालोय' असं सांगत गावोगाव फिरायचे, त्यावरून सॉन्टरर. अमेरिकन लेखक थोरोने चालण्यावरच्या निबंधात हेच लिहिलंय. मला एकदम वारी आठवली.

भाषावेडा

ही कथा थोरोच्या आधीपासून आहे. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशातही आहे, आणि तिथे ती पवित्र भूमीच्या नावाने भीक मागत हिंडणाऱ्या रिकामटेकड्यांबद्दल आहे. थोरोने १८६२ साली छापल्या गेलेल्या त्या निबंधात तिला उंच नेलं : खरा चालणारा यात्रेकरूच असतो. निबंध म्हणून ते अप्रतिम आहे, पण व्युत्पत्तिकार ती मानत नाहीत. सॉन्टर मध्ययुगीन इंग्रजीत 'विचारात गढून जाणे' अशा अर्थाने सापडतो, चालण्याचा अर्थ सतराव्या शतकात येतो. रोम हा शब्द रोम शहरावरून आला, तिथल्या यात्रेवरून, हीसुद्धा तशीच लोककथा. मिअँडर, म्हणजे वळणं घेत जाणे, हा शब्द मात्र खरोखरच एका जागेच्या नावावरून आलाय. तुर्कस्तानात मेंडेरेस नावाची नदी आहे, तिची वळणं ग्रीकांच्या काळापासून प्रसिद्ध. म्हणून मिअँडरमध्ये वाट वळत-वळत जाते, चालणारा घाईत आहे की नाही हा दुय्यम मुद्दा.

वारीला यातला एकही शब्द लावू नये, असं मला मनापासून वाटतं. वारीला तिथी आहे, मुक्काम ठरलेले आहेत, आषाढी एकादशीला पंढरपूर गाठायचंच आहे. तिथे पिल्ग्रिमेज म्हणावं किंवा सरळ वारीच लिहावं.

आता मला महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. स्ट्रोल आज निरुपद्रवी आहे हे शब्दवेल्हाळताईंनी बरोबर लिहिलंय. पण सतराव्या शतकात तो शब्द आला तेव्हा घरदार नसलेल्या, गावोगाव फिरणाऱ्या लोकांसाठी होता. फिरत्या नाटकमंडळ्यांना 'स्ट्रोलिंग प्लेअर्स' म्हणत. त्याच्या आधीच, १५७२ च्या इंग्लंडमधल्या कायद्याने, कोणा मोठ्या सरदाराचा आश्रय नसलेल्या नटांना भटक्या गुन्हेगारांच्या यादीत घातलं होतं. पुढे सुखवस्तू माणसं हौसेने पायी फिरू लागली तसा स्ट्रोल त्यांच्याकडे गेला. गरिबांकडे वाँडर उरला. इंग्लंडमधल्या १८२४ च्या व्हॅग्रन्सी (भटकेगिरीच्या) कायद्यात 'वाँडरिंग अब्रॉड', म्हणजे बाहेर हिंडत राहणे, हा शब्दप्रयोग आहे आणि तो आरोप म्हणून आहे. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याने फिरस्त्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. महाराष्ट्रातल्या पारधी, कैकाडी अशा समाजांनी ते भोगलं. १९५२ साली त्या जमाती विमुक्त झाल्या, पण शिक्का आजही पुरता पुसलेला नाही.

मुलांना हे शब्द शिकवताना म्हणूनच विचारायला लावावं : हा शब्द कोण कोणाबद्दल वापरतंय? साहेब बंगल्याबाहेर स्ट्रोल करतो. पालावरचा माणूस त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने गेला, तर सरकारी कागदावर तो वाँडरिंग.

टेकडीवरची

भाषावेडा, हे वाचून थांबले थोडा वेळ. बायकांच्या बाबतीतही हेच आहे, ते लिहिते.

लॉयटर हा शब्द या धाग्यात अजून आला नाही. कामाशिवाय एका जागी रेंगाळणे. फिरणं त्यात नावापुरतं, उगाच असणं जास्त. 'नो लॉयटरिंग' अशा पाट्या आपण पाहतो. पुरुष नाक्यावर, टपरीपाशी तासभर उभे राहतात, त्याला कोणी काही म्हणत नाही. बाईने तसं उभं राहायचं तर हातात पिशवी हवी, कानाला फोन हवा, काहीतरी काम दिसायला हवं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या रस्त्यांचा अभ्यास करून २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. बायकांना विनाकारण रस्त्यावर असण्याचा हक्क हवा, हीच त्यांची मांडणी. शीर्षकात त्यांनी स्ट्रोल घेतला असता तर पुस्तकाची धार गेली असती.

मराठीत बघा. पुरुषाची भटकंती कौतुकाची आणि बाई मात्र 'भटकभवानी'. इंग्रजीतही स्ट्रीटवॉकर म्हणजे रस्त्याने चालणारी नव्हे, हे सगळ्यांना माहीत आहे. पहाटे टेकडीवर जाते तेव्हा मी 'वॉकला जाते' म्हणते. वॉक म्हटलं की व्यायाम होतो आणि व्यायामाला घरात परवानगी असते. 'उगाच हिंडून येते' असं म्हणणारी मी माझ्या आईच्या पिढीत एकही बाई पाहिली नाही.

जुना_गिरगावकर

जागांची नावंही बघू या, कारण ती आपल्या रोजच्या वापरात आहेत. प्रॉमनाड म्हणजे चालणं आणि चालण्याची जागा दोन्ही, पण त्यात बघणं आणि दिसणं येतं. चांगले कपडे घालून, ओळखीच्यांना मान लववत. इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या गावांत, उदाहरणार्थ ब्लॅकपूलमध्ये, त्याला नुसतं 'प्रॉम' म्हणतात. १८९५ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या आणि आजही चालणाऱ्या प्रॉम्स मैफलींचं नाव यावरूनच. बागांमध्ये वाद्यवृंद वाजायचा आणि श्रोते फिरत-फिरत ऐकायचे, त्याची ती आठवण. अमेरिकेतल्या शाळांचा प्रॉम नाचही तिथलाच.

एस्प्लनेड मात्र आधी लष्करी. किल्ल्यासमोरची जमीन सपाट आणि मोकळी ठेवायची, म्हणजे तोफांच्या माऱ्याला अडथळा नको. मुंबईच्या फोर्टबाहेर अशीच मोकळी जमीन राखली होती. आजची आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज मैदानं हे तिचे उरलेले तुकडे. तट पडले, धोका सरला, लोक संध्याकाळी तिथे हवा खायला जाऊ लागले. एस्प्लनेड कोर्ट आणि एस्प्लनेड मॅन्शन या नावांत ती अजून आहे.

मॉलची गोष्टही तशीच. लंडनमध्ये सतराव्या शतकात पॅल-मॅल नावाचा चेंडू-मोगरीचा खेळ होता, तो खेळायची झाडांच्या दुतर्फा रांगा असलेली लांब पट्टी म्हणजे मॉल. खेळ गेला, सावलीतली फिरायची जागा राहिली. इंग्रजांनी तो शब्द सिमल्याला नेला : मॉल रोड. शेवटी तो दुकानांच्या इमारतीला चिकटला आणि तिथेही लोक वातानुकूलित हवेत चकराच मारतात.

मुंबईच्या किनारी रस्त्यालगतच्या प्रॉमनाडला महापालिकेच्या मराठीत 'विहार क्षेत्र' म्हणतात. मला तो शब्द आवडला. विहारात संथपणा आहे, प्रसन्नपणा आहे आणि जागाही आहे.

शुश्रूषा

वाँडरबद्दल रुग्णसेवेतला अनुभव. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती घराबाहेर पडून चालू लागते, त्याला वाँडरिंग म्हणायची पद्धत आहे. आता बऱ्याच ठिकाणी तो शब्द टाळतात, कारण त्यातून 'निरर्थक फिरणं' असं सूचित होतं. त्या व्यक्तीच्या मनात मात्र ती कुठेतरी निघालेली असते. जुन्या घरी, कामावर, शाळेतून मुलांना आणायला. वाँडरमध्ये मन ठिकाणावर नसण्याची छटा आहेच, 'माइंड वाँडर्स' म्हणतात तशी. जत्रेत मूल हरवलं तर 'वाँडर्ड ऑफ'. 'स्ट्रोल्ड ऑफ' म्हटलं तर ते मूल सगळं समजून-उमजून गेलं असं होईल.

भाषावेडा

शिकवण्याच्या दृष्टीने एक. लेनर्ड टाल्मी या भाषावैज्ञानिकाने भाषांची विभागणी मांडली आहे. इंग्रजीसारख्या भाषा चालण्याची ढब क्रियापदातच भरतात आणि दिशा शेजारच्या छोट्या शब्दात : सॉन्टर्ड इन, अ‍ॅम्बल्ड अवे. मराठीत दिशा क्रियापदात येते, आला, गेला, शिरला, निघाला, आणि ढब आधीच्या शब्दांत : रमतगमत आला, डुलत-डुलत गेला, रेंगाळत निघाला, पाय ओढत शिरला. त्यामुळे एका शब्दाला एक शब्द शोधत बसलो की अडकतोच. सॉन्टर्ड इनला 'आरामात, जसं काही झालंच नाही असा आत आला' हे पूर्ण मराठी आहे. हुंदडणे, उंडारणे, बागडणे अशी ढब पोटात घेतलेली क्रियापदं आपल्याकडेही आहेत, पण ती बहुतेक मुलांची किंवा गुरांची, आणि त्यात संथपणा नाही.

शब्दवेल्हाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या आठवड्यात वर्गात शब्दांची यादी देणार नाही. चार माणसं देणार आहे : उशिरा आलेला विद्यार्थी, किंडरवर चढणारा गिरणी कामगार, जत्रेत हरवलेलं मूल, संध्याकाळी समुद्रकाठी निघालेलं कुटुंब. प्रत्येकासाठी इंग्रजी वाक्य लिहायचं आणि तोच शब्द का निवडला ते मराठीत सांगायचं.

एक अडलेलं विचारून घेते. शतपावलीला काय म्हणावं? कोणीतरी कॉन्स्टिट्यूशनल सुचवलं.

मँचेस्टरकर

कॉन्स्टिट्यूशनल नको. तो प्रकृतीसाठी नेमाने, बहुधा सकाळी, ठरावीक वाटेने घेतलेला फेरा. त्यातलं कॉन्स्टिट्यूशन म्हणजे शरीराची घडण, आणि शब्दाला आता जुना वास येतो. शतपावली घरातल्या घरातही होते, गच्चीवर होते, जेवल्यावर होते. 'अ शॉर्ट वॉक आफ्टर डिनर' असं साधं लिहा. गोष्टीत घरातलीच असेल, तर 'पेस्ड' वापरू नका, त्याने माणूस काळजीत येरझारा घालतोय असं वाटतं. 'वॉक्ड अप अँड डाउन द टेरेस' ठेवा.